एलएनजीवरची जहाजे: कमी दाबाचे इंजिन की जास्त दाबाचे?

प्रश्न थोडक्यात असा: डिझेलवर चालणाऱ्या मोठ्या इंजिनांवर बरीच वर्षे काम केलेल्या इंजिनिअरला आता एलएनजी (थंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू, मुख्यतः मिथेन) इंधनाच्या जहाजावर जायचे आहे. एक्स-डीएफ, एमई-जीआय, फोर-स्ट्रोक ड्युअल फ्युएल (गॅस आणि डिझेल दोन्हींवर चालणारी), निव्वळ गॅसवरची इंजिने अशी नावे सतत कानावर पडतात. त्यांत मूळ फरक काय, सरस कोणते, आणि मिथेन स्लिपबद्दल (न जळता निसटणाऱ्या मिथेनबद्दल) जे बोलले जाते ते कितपत खरे?

नावे भरपूर असली तरी फरक एकाच ठिकाणी आहे. गॅस हवेत मिसळतो तो पिस्टन वर जाऊन दाब चढण्याआधी, की नंतर? हे एकदा पक्के समजले की गॅसचा दाब किती लागणार, नॉकिंगची (मिश्रण वेळेआधी आपोआप भडकण्याची) भीती किती, नायट्रोजन ऑक्साइड किती निघणार, किती मिथेन न जळता चिमणीतून जाणार, हे सगळे ओघाने कळते. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आधी मिसळणारी इंजिने ऑटो चक्रावर चालतात. फोर-स्ट्रोकमध्ये सक्शनच्या वेळी हवेबरोबरच गॅस सोडला जातो. इनलेट व्हॉल्व्हच्या अलीकडे प्रत्येक सिलिंडरसाठी गॅसचा स्वतंत्र व्हॉल्व्ह असतो आणि त्याला पाच-सहा बार दाब पुरतो. टू-स्ट्रोकमध्ये स्कॅव्हेंज पोर्ट (लायनरमधली हवा आत येण्याची भोके) बंद झाल्यावर, पिस्टन निम्म्या वाटेवर असताना, लायनरच्या भिंतीतल्या व्हॉल्व्हमधून गॅस आत येतो. त्या क्षणी सिलिंडरमधला दाब अजून फार चढलेला नसतो, म्हणून 13 ते 16 बारमध्ये काम भागते. विनजीडी या कंपनीची एक्स-डीएफ मालिका या पद्धतीची. मग सगळे मिश्रण एकत्र दाबले जाते आणि प्री-चेंबरमधला (सिलिंडरला जोडलेल्या छोट्या कप्प्यातला) इवलासा पायलट डिझेलचा फवारा, एकूण ऊर्जेच्या सुमारे एक टक्का, ते पेटवतो. पायलट डिझेलच्या जागी स्पार्क प्लग असेल तर ते निव्वळ गॅसवरचे लीन-बर्न इंजिन झाले.

नंतर मिसळणारी इंजिने डिझेल चक्रावर चालतात. आत फक्त हवा दाबली जाते. पिस्टन माथ्यावर आला की आधी पायलट डिझेल फवारले जाते, ते पेट घेते, आणि त्या ज्वाळेत सुमारे 300 बार दाबाने गॅस सोडला जातो. गॅस येतो तसा जळतो, आधीपासून सिलिंडरभर पसरून राहत नाही. मॅन कंपनीचे (आता तिचे नाव एव्हरलेन्स) एमई-जीआय हे या घराण्यातले मुख्य इंजिन. फोर-स्ट्रोकमध्येही जास्त दाबाची गॅस-डिझेल इंजिने आहेत, वार्ट्सिलाचे 32जीडी हे त्यातले ओळखीचे. पण त्यांचा वापर बहुतेक तेलक्षेत्रातल्या तरंगत्या प्रकल्पांवर झाला, मालवाहू जहाजांत ती फारशी भेटणार नाहीत.

थोडा इतिहास सांगतो, कारण कोणते इंजिन कुठे का रुजले हे त्यातून कळते. समुद्रमार्गे एलएनजी नेण्याची सुरुवात 1959 मध्ये मिथेन पायोनियर या जहाजाने झाली. एलएनजी उणे 162 अंशांवर उकळते, त्यामुळे टाकीला कितीही इन्सुलेशन केले तरी रोज थोडा माल वाफ होऊन सुटतोच. ही वाफ बॉयलरमध्ये जाळून स्टीम टर्बाइन चालवायची, हाच पुढची चार-साडेचार दशके एलएनजी वाहकांचा रिवाज राहिला. टर्बाइन भरवशाचे, पण औष्णिक कार्यक्षमता तीस टक्क्यांच्या आसपास. 2006 च्या सुमारास फोर-स्ट्रोक ड्युअल फ्युएल जनरेटर आणि विजेवर चालणारा प्रोपेलर ही जोडी आली आणि टर्बाइन हळूहळू मागे पडले. इकडे नॉर्वेमध्ये 2000 साली ग्लुट्रा ही फेरी एलएनजीवर धावू लागली, 2003 मध्ये व्हायकिंग एनर्जी हे पुरवठा जहाज आले, आणि 2013 मध्ये बाल्टिकमध्ये व्हायकिंग ग्रेस ही मोठी प्रवासी फेरी चार 50डीएफ इंजिनांवर धावू लागली. टू-स्ट्रोकचे पान मात्र 2015-16 मध्ये उलटले. 2015 मध्ये इस्ला बेला हे कंटेनर जहाज एमई-जीआय घेऊन निघाले, आणि 2016 मध्ये टर्नसुंड हा टँकर कमी दाबाचे टू-स्ट्रोक घेऊन. तेव्हापासून हे दोन पंथ समोरासमोर आहेत.

आता मिथेन स्लिप. या विषयात माझे मत अगदी स्पष्ट आहे: मिथेन स्लिप न मोजता गॅस इंजिनांची तुलना करणे म्हणजे तुलनाच न करणे.

स्लिप होते कशी, ते एका सिलिंडरमध्ये डोकावून पाहू. ऑटो चक्रात मिश्रण सगळीकडे पसरलेले असते. पिस्टन क्राउन आणि लायनर यांच्यामधली, वरच्या रिंगच्या डोक्यावरची ती अरुंद फट घ्या. मिश्रण दाबले जाताना तेही या फटीत घुसते. ज्वाळा तिथपर्यंत येते, पण दोन्ही बाजूंच्या थंड धातूमुळे विझते. पॉवर स्ट्रोकमध्ये दाब उतरला की ते न जळलेले मिश्रण फटीतून बाहेर येते आणि एक्झॉस्टबरोबर निघून जाते. सिलिंडर हेडच्या गॅस्केटची खाच, व्हॉल्व्ह सीटच्या कडा, लायनरची थंड भिंत, सगळीकडे हाच प्रकार. फोर-स्ट्रोकमध्ये त्यात आणखी भर पडते. इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काही काळ एकाच वेळी उघडे असतात, तेव्हा गॅस सोडण्याची वेळ किंचित चुकली तरी तो सरळ एक्झॉस्टमध्ये. रिंगांमधून जो ब्लो-बाय होतो, म्हणजे जो गॅस खाली निसटतो, तो क्रँककेसमध्ये जातो आणि तिथल्या व्हेंटमधून हवेत. चिमणीत मोजमाप केले तर ही गळती दिसतसुद्धा नाही.

डिझेल चक्रात या फटींत फक्त हवा असते. गॅस ज्वाळेतच उतरतो. इंजेक्टरच्या टोकाशी उरलेला किंचित गॅस सोडला तर निसटायला काही नसतेच.

आकडे पाहू. युरोपीय संघाच्या फ्युएलईयू मॅरिटाइम नियमात, जो 2025 पासून लागू झाला, न जळलेल्या मिथेनचे ठरीव प्रमाण दिले आहे: ऑटो चक्राच्या मध्यम गतीच्या ड्युअल फ्युएल इंजिनांना 3.1 टक्के, ऑटो चक्राच्या संथ गतीच्या टू-स्ट्रोकना 1.7 टक्के, डिझेल चक्राच्या संथ गतीच्या टू-स्ट्रोकना 0.2 टक्के, आणि स्पार्कवरच्या लीन-बर्न इंजिनांना 2.6 टक्के.

टक्केवारी किरकोळ वाटते, म्हणून हिशेब मांडतो. एका किलोवॅट-तासाला मोठे टू-स्ट्रोक साधारण 165 ग्रॅम डिझेल जाळते असे धरा. एक ग्रॅम डिझेलमागे 3.206 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सुमारे 529 ग्रॅम. तेवढ्याच कामाला एलएनजी लागेल सुमारे 142 ग्रॅम. एक ग्रॅम एलएनजीमागे 2.75 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सगळा गॅस जळाला तर 390 ग्रॅम. सव्वीस टक्क्यांची बचत, आणि जाहिरातींत जो आकडा दिसतो तो हाच. आता 1.7 टक्के स्लिप धरा. 2.4 ग्रॅम मिथेन न जळता गेला. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट तापवतो असे धरले तर त्याचे 67 ग्रॅम झाले आणि एकूण बेरीज 451 च्या घरात. बचत पंधरा टक्क्यांच्या आत आली. जास्त दाबाच्या इंजिनात 0.2 टक्के स्लिप धरली तर बेरीज 398, बचत जवळजवळ पंचवीस टक्के. (पायलट डिझेल मी दोन्हीकडे बाजूला ठेवले आहे, आणि गॅस विहिरीतून टाकीपर्यंत येताना जी गळती होते तीही. ती वेगळी आणि मोठी गोष्ट आहे, पण इंजिन निवडून ती बदलत नाही.)

वीस वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन ऐंशी पटींहून अधिक तापवतो. 82 पट धरा: कमी दाबाच्या टू-स्ट्रोकची बेरीज 580 च्या वर जाते, म्हणजे डिझेलपेक्षाही जास्त. जास्त दाबाचे इंजिन तेव्हाही 413 वर राहते.

फोर-स्ट्रोकचे चित्र याहून बिकट आहे. 185 ग्रॅम डिझेलचे 593 ग्रॅम होतात. 158 ग्रॅम गॅस आणि 3.1 टक्के स्लिप धरली तर शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे 558, म्हणजे बचत जेमतेम सहा टक्के. आणि 3.1 हा नियमातला आकडा आहे. आयसीसीटी या संशोधन संस्थेने 2024 मध्ये प्रत्यक्ष समुद्रावर, जहाजांच्या धुरात मोजमापे करून जो अहवाल दिला त्यात कमी दाबाच्या फोर-स्ट्रोक इंजिनांची सरासरी स्लिप 6.4 टक्के निघाली. तो आकडा हिशेबात घातला तर बेरीज 690 होते. डिझेलपेक्षा सोळा टक्के जास्त, तेही शंभर वर्षांच्या, म्हणजे मिथेनला झुकते माप देणाऱ्या हिशेबाने.

नियमातल्या आणि समुद्रावरच्या आकड्यांत एवढी तफावत पडण्याचे मोठे कारण लोड हे आहे. मुख्य इंजिनांच्या चाचणीच्या चक्रात 75 टक्के लोडला सर्वाधिक वजन असते. प्रत्यक्षात बंदरातला जनरेटर, हळू चालणारी फेरी किंवा प्लॅटफॉर्मशेजारी जागा धरून उभे असलेले पुरवठा जहाज 20-30 टक्क्यांवर तासन्तास असते. कमी लोडला गॅस कमी आणि हवा तेवढीच, म्हणजे मिश्रण फार विरळ होते, ज्वाळा सिलिंडरभर नीट पसरत नाही आणि स्लिप झपाट्याने वाढते. म्हणून ऑटो चक्राच्या जहाजावर जाणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरला माझा आग्रह असतो की दोन जनरेटर 30 टक्क्यांवर चालवण्यापेक्षा एक 60 वर चालवा. डिझेलवर आपल्याला सवय असते की 'असू दे एक जास्तीचा, सुरक्षित राहते'. गॅसवर त्या सवयीची किंमत थेट मिथेनमध्ये मोजावी लागते. जहाजावर बॅटरी असेल तर ही गोष्ट सोपी होते, कारण राखीव शक्ती बॅटरी पुरवते आणि इंजिन चांगल्या लोडवर राहते. काही इंजिनांत कमी लोडला ठरावीक सिलिंडर बंद ठेवून बाकीच्यांना पोटभर गॅस देण्याची सोय असते. ती सुरू आहे ना, हे जॉइन झाल्या-झाल्या तपासावे.

निर्मातेही गप्प बसलेले नाहीत. फटींचे आकारमान कमी करणे, व्हॉल्व्हच्या वेळा बदलणे, सिलिंडरगणिक ज्वलन नियंत्रित करणे, यावर गेल्या दशकात खूप काम झाले. वार्ट्सिलाने 31डीएफसाठी 2023 मध्ये नेक्स्टडीएफ हे तंत्र आणले आणि स्लिप बरीच खाली आणल्याचा दावा केला. विनजीडीने 2020 मध्ये एक्स-डीएफ 2.0 बरोबर आयसर नावाची व्यवस्था दिली. तीत एक्झॉस्टचा काही भाग थंड करून परत सिलिंडरकडे पाठवतात. ऑक्सिजन कमी झाल्यामुळे ज्वलन शांत होते, नॉकिंग मागे सरते, संपीडन गुणोत्तर वाढवता येते आणि स्लिप निम्म्यापर्यंत उतरते. चिमणीत कॅटॅलिस्ट बसवून मिथेन जाळण्याचे प्रयत्नही चालू आहेत, पण मिथेनचा रेणू पक्का असतो, तो फोडायला तापमान जास्त लागते आणि इंधन व वंगण तेलातले अगदी थोडे गंधकही त्या कॅटॅलिस्टला निकामी करते. माझा भर अजूनही सिलिंडरमध्येच गॅस जाळण्यावर आहे.

एवढे वाचून कुणी म्हणेल, मग सगळीकडे जास्त दाबाचेच इंजिन का बसवत नाहीत? त्याचे उत्तर इंजिनात सापडत नाही, गॅस पुरवठ्याच्या खोलीत सापडते.

300 बारचा गॅस मिळवायचे दोन मार्ग आहेत. टाकीत द्रव एलएनजी असेल तर क्रायोजेनिक पिस्टन पंपाने द्रवच 300 बारवर न्यायचा आणि मग त्याची वाफ करायची. द्रव जवळपास दबत नाही, त्यामुळे त्याला वीज नगण्य लागते. कंटेनर जहाज, बल्क कॅरिअर, कार कॅरिअर यांना हा मार्ग उत्तम, कारण त्यांच्याकडे इंधन द्रवरूपातच असते. दुसरा मार्ग म्हणजे सुटलेली वाफ कॉम्प्रेसरने 300 बारवर चढवणे. वायू दाबायला भरपूर वीज लागते, कॉम्प्रेसर अनेक टप्प्यांचा, अवजड, महागडा आणि देखभालीला कटकटीचा असतो.

एलएनजी वाहकावर हाच प्रश्न येऊन उभा राहतो. 1,74,000 घनमीटरच्या जहाजावर रोज 0.085 टक्के वाफ सुटते असे धरले तर ती होते सुमारे 148 घनमीटर द्रवाएवढी, साधारण 65 टन. ही वाफ कुठेतरी वापरलीच पाहिजे. मुख्य इंजिनाला 13-16 बार आणि जनरेटरना 6 बार पुरत असतील तर तुलनेने साध्या कॉम्प्रेसरवर सगळे निभते. मुख्य इंजिनाला 300 बार हवे असतील तर तो अनेक टप्प्यांचा कॉम्प्रेसर आलाच. शिवाय ही नैसर्गिक वाफ जवळपास शुद्ध मिथेन आणि थोडा नायट्रोजन असते, म्हणजे नॉकिंगच्या दृष्टीने सर्वात समजूतदार इंधन. कमी दाबाच्या टू-स्ट्रोकने एलएनजी वाहकांत एवढी मुसंडी मारली ती यामुळे.

मॅनने स्वतः या बाजारासाठी एमई-जीए हे कमी दाबाचे इंजिन काढले होते, पण 2024 मध्ये ते थांबवायचे ठरवले. माझ्या दृष्टीने त्यातून एवढेच दिसते की मिथेनचा हिशेब जसा कडक होत जाईल तसे या निवडीचे पारडे सरकत राहील. युरोपच्या उत्सर्जन व्यापारात 2026 पासून मिथेनही धरला जातो. म्हणजे वर मांडलेला हिशेब आता पैशांतही उतरतो.

नॉकिंगबद्दल नीट बोलायला हवे, कारण डिझेलवरून येणाऱ्याला हे सर्वात नवे असते. डिझेल इंजिनात सिलिंडरमध्ये हवा जास्त झाली म्हणून कुणी घाबरत नाही. ऑटो चक्रात हवा आणि गॅसचे प्रमाण एका अरुंद पट्ट्यात ठेवावे लागते. मिश्रण गडद झाले की नॉकिंग, विरळ झाले की मिसफायर. लोड वाढत जातो तसा हा पट्टा आणखी अरुंद होतो. पूर्ण जळण्यास जेवढी हवा पुरेल त्याच्या दुपटीच्या आसपास हवा ठेवून इंजिन या पट्ट्यात चालवले जाते. म्हणून वेस्ट गेट (टर्बोचार्जरला वगळून एक्झॉस्ट सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा हवेचा बायपास, चार्ज एअर कूलरचे तापमान, टर्बोचार्जरची स्वच्छता या गोष्टी इथे कळीच्या ठरतात. उष्ण कटिबंधात कूलर मळलेला असेल तर डिझेलवर एक्झॉस्टचे तापमान वाढते, आपण ते पाहत राहतो आणि जहाज पुढे जात राहते. गॅसवर त्याच मळलेल्या कूलरमुळे नॉकिंग सुरू होते, नियंत्रण प्रणाली लोड उतरवते किंवा सरळ डिझेलवर फेकते.

सिलिंडर ऑइलचेही तसेच. एलएनजीत गंधक जवळपास नसते, त्यामुळे जास्त बेस नंबरचे (गंधकाचे आम्ल मारण्यासाठी जास्त क्षार असलेले) तेल वापरले तर त्यातले न वापरलेले क्षार पिस्टन क्राउनवर साठतात. तो थर तापून लाल होतो आणि मिश्रण वेळेआधी पेटवतो. तेलाचा थेंब उडून आत आला तरी तोच परिणाम. म्हणून गॅसवर कमी बेस नंबरचे तेल, आणि फीड रेट हात राखून. पिस्टन क्राउन आणि रिंगांची स्कॅव्हेंज पोर्टमधून होणारी तपासणी कमी दाबाच्या टू-स्ट्रोकवर टाळू नका.

तिसरी बाजू गॅसच्या प्रतीची. एलएनजीत मिथेनबरोबर इथेन, प्रोपेन, ब्युटेनही असतात आणि ते लवकर पेट घेतात. गॅस नॉकिंगला किती तोंड देतो हे मिथेन नंबर सांगतो. पूर्ण शक्तीसाठी तो 80 च्या आसपास असावा अशी अनेक ऑटो इंजिनांची अपेक्षा असते. बंकर डिलिव्हरी नोटवरचा आकडा बंकरिंगच्या, म्हणजे इंधन भरल्याच्या, दिवसाचा असतो, हे लक्षात ठेवा. टाकीतून आधी मिथेन आणि नायट्रोजन उडतात, जड घटक मागे राहतात. जहाज बरेच दिवस नांगरावर राहिले आणि वाफ वापरली गेली की उरलेल्या द्रवाचा मिथेन नंबर खाली येतो. मग तेच इंजिन, तेच लोड, आणि अचानक नॉकिंगचा अलार्म. अशा वेळी इंजिनात दोष शोधत बसण्याआधी टाकीचा इतिहास काढावा. डिझेल चक्राच्या इंजिनाला यातले काही बाधत नाही. गॅस ज्वाळेतच जातो म्हटल्यावर मिथेन नंबर कितीही असला तरी चालते, आणि वेगवेगळ्या बंदरांत वेगवेगळ्या उगमाचा गॅस घेणाऱ्या जहाजाला ही मोठी सोय आहे.

नायट्रोजन ऑक्साइडच्या बाबतीत मात्र कमी दाबाचा पक्ष उजवा. विरळ मिश्रण थंड जळते, त्यामुळे ऑटो चक्राची इंजिने गॅसवर असताना टिअर 3 ची (नायट्रोजन ऑक्साइडच्या आंतरराष्ट्रीय नियमाच्या सर्वात कडक टप्प्याची) मर्यादा, संथ इंजिनांसाठी 3.4 ग्रॅम प्रति किलोवॅट-तास, कोणत्याही जोडणीशिवाय पाळतात. डिझेल चक्रात ज्वाळा गरम असते, म्हणून एमई-जीआयला ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग परत सिलिंडरकडे पाठवणे) किंवा एससीआर (युरिया आणि कॅटॅलिस्टने नायट्रोजन ऑक्साइड मोडणे) लावावेच लागते. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर 2016 पासून आणि बाल्टिक व उत्तर समुद्रात 2021 पासून ही मर्यादा नव्या जहाजांना लागू आहे. एससीआरची देखभाल ज्यांनी केली आहे त्यांना यातला त्रास सांगायला नको. तरीही मी दोन्ही त्रासांची तुलना करतो तेव्हा मला युरिया आणि कॅटॅलिस्ट सांभाळणे परवडते, कारण नायट्रोजन ऑक्साइड पकडायचे तंत्र हाती आहे. निसटलेला मिथेन पकडायचे तेवढे खात्रीचे तंत्र अजून हाती नाही.

जुन्या जहाजाचे रूपांतर करायचे असेल तर एवढे पाहा: डिझेल चक्रात ज्वलनाची रीत बदलत नाही, त्यामुळे सिलिंडर कव्हर, गॅसचे इंजेक्टर, पाइप आणि नियंत्रण बदलून काम होते. 2015 मध्ये रशिदा या क्यू-मॅक्स (सर्वात मोठ्या आकाराच्या) एलएनजी वाहकावर असे झाले. ऑटो चक्रात नेताना संपीडन गुणोत्तर, पिस्टन, टर्बोचार्जर यांचीही फेरजुळणी लागते. ते होत नाही असे नाही, 2017 मध्ये वेस अमेली या कंटेनर जहाजाचे 48/60 इंजिन 51/60डीएफमध्ये बदलले गेले. पण ते जवळपास नवे इंजिन बांधण्यासारखे काम आहे.

प्रत्यक्ष वॉचवर फरक कसा जाणवतो तेही सांगतो. दोन्हीकडे इंजिनरूममधले गॅसचे पाइप दुहेरी भिंतीचे असतात, आतल्या पाइपात गॅस आणि बाहेरच्या पोकळीत सतत खेचली जाणारी हवा, तासाला किमान 30 वेळा बदलणारी. या हवेच्या वाटेवर गॅस डिटेक्टर बसलेला असतो. तो डिटेक्टर आणि तो पंखा ही माझ्या लेखी जहाजावरची सर्वात महत्त्वाची छोटी यंत्रे. गॅस बंद करायचा झाला की व्हॉल्व्ह युनिटमध्ये एकापाठोपाठ दोन व्हॉल्व्ह बंद होतात, त्यांच्यामधला तिसरा उघडून अडकलेला गॅस सुरक्षित ठिकाणी सोडतो, आणि नायट्रोजन पाइप धुऊन काढतो. कमी दाबाच्या जहाजावर ही मालिका ऐकू येते ती एका फुसकाऱ्यासारखी. 300 बारच्या पाइपात मात्र चुकीला जागा नाही. फ्लँजच्या सीलिंग रिंगा, बोल्टचे टॉर्क, दाबचाचणी, सीलिंग ऑइलचा दाब, यात 'चालेल' म्हणून सही करणारा माणूस मला माझ्या जहाजावर नको.

ड्युअल फ्युएल इंजिन गॅसवरून डिझेलवर कोणत्याही लोडला क्षणात येते. उलट दिशेने, डिझेलवरून गॅसवर, सावकाश जावे लागते. म्हणून गॅस ट्रिपनंतर (गॅस आपोआप बंद पडल्यावर) लगेच परत गॅसवर जाण्याची घाई न करता आधी कारण शोधा. निव्वळ गॅसच्या स्पार्क इंजिनाला ही माघारीची वाट नसते. त्याला दुसरा स्वतंत्र गॅसपुरवठा किंवा दुसरी प्रणोदन व्यवस्था हवी. मात्र त्याचे ज्वलन केवळ गॅससाठीच घडवलेले असल्याने ते नेमके आणि स्वच्छ चालते. ठरलेला मार्ग, ठरलेले बंकरिंग असलेल्या फेरीला ते शोभते.

तर माझी निवड अशी. लांब पल्ल्याचे मालवाहू जहाज, इंधन टाकीत द्रवरूपात: जास्त दाबाचे टू-स्ट्रोक, निःसंशय. सीएमए सीजीएमने 2020 मध्ये जॅक सादे या 23,000 टीईयूच्या (वीस फुटी कंटेनरांच्या) जहाजात 12एक्स92डीएफ हे कमी दाबाचे प्रचंड इंजिन बसवले आणि यंत्र म्हणून ते काम देखणे आहे, पण मिथेनच्या हिशेबात माझा कौल बदलत नाही. एलएनजी वाहक: कमी दाबाचे टू-स्ट्रोक, पण एक्झॉस्ट परत फिरवण्याच्या व्यवस्थेसह, तिच्याशिवाय नको. प्रवासी जहाजे, मोठ्या फेऱ्या, पुरवठा जहाजे: इथे जागेमुळे आणि विजेच्या गरजेमुळे फोर-स्ट्रोकला पर्याय नाही. तेव्हा नवीन पिढीचे इंजिन, बॅटरी, आणि जनरेटर किती लोडवर चालवायचे याची लेखी शिस्त. आणि खरेदीच्या करारात स्लिपची हमी 25 टक्के लोडलाही मागावी, फक्त सरासरीची नको. जास्त दाबाचे मुख्य इंजिन घेतलेल्या जहाजावर जनरेटर बहुधा ऑटो चक्राचे फोर-स्ट्रोकच असतात, हे विसरू नका. मुख्य इंजिनाची सगळी कमाई बंदरातल्या त्या अर्धपोटी जनरेटरमधून निसटू शकते. शक्य तिथे शाफ्ट जनरेटर (मुख्य इंजिनाच्या शाफ्टवर चालणारा) घ्या.

जहाजावर जाण्याआधीचे एक काम: आयजीएफ संहिता (गॅस इंधनाच्या जहाजांची आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमावली) 1 जानेवारी 2017 पासून लागू आहे आणि तिच्याखालच्या जहाजांसाठी एसटीसीडब्ल्यूचे (खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) मूलभूत आणि प्रगत असे दोन अभ्यासक्रम आहेत. इंजिनिअर अधिकारी म्हणून जायचे तर प्रगत लागतो, आणि त्याच्या प्रमाणपत्रासाठी अशा जहाजावरची किमान एक महिन्याची सेवा आणि तीन बंकरिंगमधला सहभाग दाखवावा लागतो. त्यातली दोन सिम्युलेटरवर चालतात. जमले तर तीनही खऱ्या जहाजावर करा. होज थंड करायला किती वेळ लागतो आणि टाकीतला दाब तेव्हा कसा चढतो, हे तिथे उभे राहूनच कळते.